कुलपाआडचा खून कुणाच्या माथी?

‘कैदीच ते, आपसांत मारामाऱ्या करणारच!’ असे म्हणणाऱ्यांनी ८ जून २०१२ चे येरवडा आठवावे. दहशतवादाच्या आरोपाखालचा कच्चा कैदी महंमद कतील सिद्दिकी अंडा सेलमध्ये गळा आवळून मारला गेला. तुरुंगातली सर्वांत कडेकोट जागा ती! आरोप दोन सहकैद्यांवर आला. पुढे ते न्यायालयातून निर्दोष सुटले. मग मारले कुणी? आणि पहारा कशावर होता?

कडेकोट जागेची ही गत, तर साध्या बराकीचे काय? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत शंभरांच्या जागेत १३१ माणसे होती. दर चारांतले तीन कच्चे कैदी. झोपायच्या जागेवरून, पाण्यावरून भांडण पेटते, पहारेकरी पुरे पडत नाहीत आणि बराकीत दादाचे राज्य सुरू होते. यात दोष कैद्याच्या जातीधर्माचा नाही, कारभाराचा आहे.

आपल्या लोकांनाही सांगतो, मेलेल्याचे नाव वाचून हळहळायचे की नाही हे ठरवू नका. उद्या दासगावचा कुणी पोरगा, गुन्हा शाबीत होण्याआधीच, त्याच बराकीत असेल. सरकारने कुलूप लावले, की आतला जीव ही सरकारकडची अमानत. अमानत सांभाळता येत नसेल, तर कच्च्या कैद्यांना जामीन द्या!