टोचलेल्या सुईची फिर्याद

२६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्थानकाच्या गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातील अमरेंद्र पांडे या तरुणाच्या दंडाला काहीतरी टोचले. आठवडाभरात तो दगावला. रक्ताच्या तपासणीत प्लेगचे जंतू निघाले. तपासाचा माग थेट मुंबईत पोचला. सावत्र भावाने हाताशी धरलेल्या डॉक्टरने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात शिरकाव करून, हाफकिन संस्थेतून आलेले जंतू उंदरांवर पारखून पाहिले होते. दोघांना फाशी सुनावली गेली. १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली.

तिथे माणूस मेला म्हणून खुनाचे कलम लागले. पण जाणूनबुजून रोग दिला आणि माणूस जगला, तर? भारतीय न्याय संहितेचे कलम २७२ अशा कृत्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद सांगते, तीही जामीनपात्र. १८६० च्या दंड संहितेतही शिक्षा एवढीच होती. शिवाय हे कलम सार्वजनिक आरोग्याच्या प्रकरणात बसवलेले आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत गुन्हा समाजाविरुद्ध; ज्याच्या अंगात रोग गेला, तो जवळजवळ साक्षीदारच!

ॲसिड फेकणाऱ्याला मात्र किमान दहा वर्षे कैद होते, दंडाची रक्कम पीडिताला मिळते आणि कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. मुद्दाम एचआयव्हीची सुई टोचलेल्याला या यादीत जागा का नसावी?

वाट अगदीच बंद नाही. रक्तात गेल्यास अपायकारक ठरणाऱ्या पदार्थाने जबर दुखापत केली, तर कलम ११८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. फिर्याद लिहिताना हे कलम आवर्जून मागावे, कारण ठाण्यात ते आपणहून कोणाला सुचेलच असे नाही. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपी सापडला नसला तरीही. एचआयव्हीच्या प्रकरणात नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची सोय २०१७ च्या कायद्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ मध्येच एका एचआयव्हीबाधित कामगाराला टोपणनावाने न्याय दिला होता.

शिक्षा वाढवताना एक सावधगिरी हवी. रोग असणे हा गुन्हा नव्हे. औषधे नियमित घेऊन विषाणू आटोक्यात ठेवणाऱ्यावर संशयाने खटले भरले, तर लोक तपासणीलाच जाणार नाहीत. हेतू सिद्ध झालाच पाहिजे.

आणि कोर्टाच्या आधी घड्याळ. एचआयव्हीचा संशय असेल तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, खरे तर पहिल्या काही तासांतच, सुरू व्हायला हव्यात. महाळुंगे पडवळच्या माणसाने अशा वेळी आधी मंचरचे सरकारी रुग्णालय गाठावे, टोचल्याची वेळ केसपेपरवर लिहून घ्यावी आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी करावी. संसर्ग आधीचा नव्हता, याचा पहिला पुरावा तोच अहवाल असतो.