गणवेशाच्या चुकीला वर्गबंदीची शिक्षा?

‘नियम सर्वांना सारखा. मोडला तर शिक्षा होणारच.’ उडुपीच्या सरकारी मुलींच्या पदवीपूर्व महाविद्यालयात डिसेंबर २०२१ अखेर हिजाब घातलेल्या विद्यार्थिनींना वर्गाबाहेर ठेवले, तेव्हा आपल्याच काही साथींनी हे ऐकवले. अजूनही ऐकवतात. माझे भांडण त्यांच्याशी आहे.

पडद्याविषयी आपली भूमिका हमीद दलवाईंच्या काळापासून स्पष्ट आहे. बाईचे केस दिसले की पुरुष बिघडतो, ही समजूत आपण मानत नाही. हिजाब ही मुलीची ‘निवड’ म्हणणाऱ्यांना आपण विचारतोच, की आठ-नऊ वर्षांच्या पोरीने ती कधी केली? पण मग तिने निवडलेच नसेल, तर शिक्षा तिला का?

शाळेत नियम रोज मोडले जातात. बूट नसतात, केस वाढलेले असतात, उशीर होतो. ताकीद मिळते, घरी चिठ्ठी जाते, पालकांना बोलावले जाते. उडुपीत गोष्ट अकरावी-बारावीचे वर्ग बंद होण्यावर गेली, आणि मुलींच्या प्रात्यक्षिक परीक्षा बुडाल्यावर कर्नाटक सरकारने त्या पुन्हा घ्यायला नकार दिला. डोक्यावरच्या कापडाच्या तुकड्याला वर्षाची किंमत! खासगी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून तर मुली सरकारी कॉलेजात येतात. तिथले दार लागले की बापाला निमित्त मिळते, आणि आपल्या मोहल्ल्यात त्यानंतर लगेच स्थळे बघायला सुरुवात होते, हे साथींना मी सांगायला हवे का?

उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असे ठरवले. नसेल. पण धर्मात काय फर्ज आहे याच्या उत्तरातून शिक्षा योग्य होती की नाही, याचे उत्तर मिळत नाही. केरळमध्ये १९८५ साली यहोवाच्या साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले होते. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावले. हिजाबच्या खटल्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. त्यांपैकी न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीचे शिक्षण हाच मुख्य मुद्दा मानला, आणि या केरळच्या निकालाचा आधार घेतला.

‘मग भगव्या शाली घालून आलेल्यांचे काय?’ त्या शाली चार दिवस डिवचण्यासाठी आल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्या पोरांनाही कॉलेजातून काढू नये. समज द्यावी, वर्गात बसवावे.

आता आपल्या समाजातल्या पुढाऱ्यांकडे. त्यांनी ‘शेरनी’ म्हणून जयजयकार केला, एका विद्यार्थिनीला पाच लाखांचे बक्षीसही जाहीर झाले. त्या रकमेत किती मुलींची खासगी कॉलेजची फी भरली गेली असती? परीक्षा बुडाली तरी हिजाब सुटता कामा नये, असे जे मुलींना शिकवतात, त्यांना आणि फाटकावर अडवणाऱ्या प्राचार्यांना मुलगी घरी बसलेलीच चालते.

आपल्या साथींनी या दोघांच्या रांगेत उभे राहू नये. चेंबूरच्या एका कॉलेजचा हिजाब-टोपीबंदीचा नियम ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केला, तेव्हाही आपल्यातले काही जण नाराज झाले. पडद्याविरुद्ध बोलायचे तर त्या मुलीच्या अब्बांशी बोला, भावाशी बोला. तोवर तिला बारावीचा पेपर लिहू द्या.