भाडेकरूंनो, नमुना ८ एकदा तरी पाहा

हमरस्त्यालगतच्या आपल्या गावांत आता शिक्षक, कारखान्यातले कामगार, खत-बियाण्याचे दुकानदार असे कितीतरी लोक भाड्याने राहतात. मीही बदलीच्या नोकरीतला, म्हणजे भाडेकरूच. घरमालक म्हणतो, "यंदा घरपट्टी वाढली, भाडं वाढवा." आपण मान डोलावतो. पण घरपट्टी किती वाढली आणि ती भरली का, हे कोणी बघत नाही.

बघणे अवघड नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही असते. तिच्यात मालक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि कर यांची नोंद असते. नमुना ९ वरून मागणी आणि थकबाकी कळते. नमुना १० म्हणजे कर भरल्याची पावती.

नमुना ८ हातात घेऊन आपल्या घराशी ताडून पाहा. २०१५ अखेरच्या नियमदुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. म्हणून तीन गोष्टी तपासा. पहिली, क्षेत्रफळ. मागे दोन खोल्या वाढवल्या, पण नोंद जुनीच, असे पुष्कळदा होते. दुसरी, बांधकाम. स्लॅब पडून वर्षे झाली तरी कागदावर मातीच्या भिंती कायम असतात. तिसरी, वापर. दुकानाची नोंद राहते घर म्हणून झालेली असते. राहत्या घराचा भारांक १, तर व्यापारी वापराचा १.२५ आहे.

समजा, इमारतीचे मूल्य चार लाख रुपये आणि दर हजारी दीड रुपया. राहत्या घराला ६०० रुपये होतात, दुकानाला ७५०. फरक दीडशेचाच, पण रस्त्यावर अशी चाळीस दुकाने असली तर वर्षाला सहा हजार रुपये गावाच्या हातचे जातात. क्षेत्रफळच निम्मे लावले असेल तर तूट याहून मोठी. मग गटार का तुंबलं, म्हणून आपणच ओरडतो.

काहीजण म्हणतील, घर मालकाचं, आपल्याला काय त्याचं? पण घरपट्टी म्हणून आपण मालकाला वेगळे पैसे देत असू, तर त्याची पावती बघायचा आपल्याला हक्कच आहे. भाडे वाढवण्याचे कारण घरपट्टी सांगितले, तर गेल्या वर्षीची आणि यंदाची आकारणी शेजारी ठेवून बघावी. वाढ शंभराची आणि भाडे महिन्याला पाचशेने वाढले, तर ते बोलून दाखवावे.

मात्र आधी भांडण नको. मालकाकडे पावती मागा. ती मिळाली नाही, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे) नोंद दाखवण्याची लेखी विनंती करा. टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांत अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. गावचा प्रश्न असेल, तर ग्रामसभेत मांडा.

कधी उलटेही होते. पडक्या घराला नव्याचा कर लागलेला असतो. घसारा धरला नसेल, तर मालकाने हरकत घ्यावी. त्याला पंचायत समितीकडे अपीलही करता येते.

एक ध्यानात ठेवा. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे, तो कराचा हिशेब आहे. आणि हिशेब चोख असला, तर मालक, भाडेकरू आणि गाव, तिघांचंही भलं होतं.