प्रयोगशाळेची वेस ओलांडा!

१९७२ साल मराठवाडा अद्याप विसरलेला नाही. विहिरी आटल्या, गोठे रिकामे झाले, आणि ज्या मुलखात ज्वारीच्या भाकरीवाचून जेवण पुरे होत नाही, त्या मुलखाला अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोवर दिवस काढावे लागले. त्याच साली दोन संस्था जन्मास आल्या. परभणीत १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. आज ते वसंतराव नाईकांचे नाव धारण करते. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे कोरडवाहू पिकांचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र, म्हणजे ‘इक्रिसॅट’, स्थापन झाले. परभणी आणि पाटनचेरू ही १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यातली गावे. भाषावार पुनर्रचनेने त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. परंतु जमीन, पाऊस आणि ज्वारी यांना ती सीमा ठाऊक नव्हती.

या दोन संस्थांच्या सहकार्यातून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण प्रसारित झाले. सामान्य वाणांत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात ही मात्रा अनुक्रमे ४५ आणि ३२ मिलिग्रॅमपर्यंत गेली. वाण संकरित नसल्यामुळे शेतकऱ्याला घरचे बी राखता येते. रक्तक्षयाने पिचलेल्या स्त्रिया आणि मुले ज्या मुलखात घरोघर आढळतात, तेथे या यशाची थोरवी वेगळी सांगावयास नको. सीमेपलीकडे हात दिला म्हणजे विज्ञान काय करू शकते, याचा हा घरचाच दाखला आहे.

परंतु खरा प्रश्न येथूनच पुढे सुरू होतो. ‘परभणी मोती’ या वाणाच्या दाण्याची झळाळी मोंढ्यातल्या अडत्याला उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि ती पाहून तो भाव करतो. ‘शक्ती’तले लोह कोणाच्या डोळ्यांना दिसणार? इतर ज्वारीच्या राशीत ती मिसळली की तिचा गुण तेथेच हरवला. ज्या गुणाला बाजारात किंमत नाही, तो शेतकऱ्याने का जोपासावा? आधीच पाखरांची राखण, काढणीला मजुरांची टंचाई आणि सोयाबीनच्या रोख पैशाची ओढ यांमुळे ज्वारी आपल्या शिवारातून मागे सरत आहे. जे पीकच मागे पडले, त्यातले लोह मुलांच्या पोटात कोणत्या वाटेने जाणार?

ती वाट लहान उद्योजकाच्या दारावरून जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. गंगाखेडचा पिठाच्या गिरणीवाला, सेलूतला बचत गट, जिंतूरची पापड लाटणारी गृहिणी, मानवतचा किराणा दुकानदार ही माणसे शेत आणि ताट यांच्यामध्ये उभी आहेत. त्यांच्यापुढच्या अडचणी किरकोळ दिसतात, पण त्याच निर्णायक आहेत. ज्वारीचे पीठ चार दिवस राहिले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते; मग पाकिटातले पीठ घेणार कोण? पाकिटावर ‘लोहयुक्त’ असे छापावयाचे तर तपासणीचा दाखला हवा. तो खर्च कोणी सोसावा? पहिला घाणा बिघडला तर गटाचे भांडवलच बुडते. अशा भीतीपोटी नवे काही करून पाहण्याचे धाडस होत नाही, आणि संशोधन अहवालातच राहते.

यावर युरोपात एक मार्ग शोधला गेला. फिनलंड युरोपीय संघाच्या अध्यक्षपदी असताना, २००६ साली, तेथे ‘जिवंत प्रयोगशाळां’चे जाळे विणले गेले. कल्पना साधी आहे. प्रयोग बंद दालनात करावयाचा नाही. जेथे वस्तू वापरली जाते त्या घरात, दुकानात, शेतात करावयाचा, आणि वापरणाऱ्यालाच प्रयोगात भागीदार करावयाचे. एका देशातला लहान कारखानदार दुसऱ्या देशातल्या अशा केंद्राच्या आधाराने आपला माल तिकडच्या गिऱ्हाइकांकडून पारखून घेतो. कोट्यवधींचे भांडवल नसलेल्यालाही त्यामुळे चूक करण्याची आणि ती सुधारण्याची संधी मिळते.

विद्यापीठात प्रशिक्षणे होतात, मेळावे भरतात, मग हे नवे काय, असे कोणी विचारील. उत्तर असे की मेळाव्यात शास्त्रज्ञ बोलतो आणि बाई ऐकते. जिवंत प्रयोगशाळेत बाईही बोलते, आणि शास्त्रज्ञाला ऐकावे लागते. पिठाला विरी आहे की नाही, हे तिच्या बोटांना यंत्राआधी कळते. त्या ज्ञानाची नोंद व्हावयास हवी, आणि त्यातून नफा झाला तर त्यात तिचा वाटाही हवा.

यासाठी सारे नव्याने उभारावयाचे आहे असेही नाही. परभणीत १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. हैदराबादेत भारतीय भरडधान्य संशोधन संस्था आहे, आणि तिच्या छायेत नवउद्योजकांना हात देणारे ‘न्यूट्रीहब’ आहे. म्हैसूरला १९५० पासून अन्नतंत्राची केंद्रीय संस्था आहे. कलबुर्गीच्या घराघरांत दीर्घकाळ टिकणारी कडक ज्वारीची रोटी करण्याची विद्या आहे. दाणा परभणीचा, हात कलबुर्गीचा, परीक्षण हैदराबादचे आणि चव पाहणारे गिऱ्हाईक बीदर-निजामाबादचे, अशी साखळी तीन राज्यांत का जुळू नये? पुढे माली आणि नायजर या ज्वारी खाणाऱ्या देशांपर्यंतही ती जाऊ शकेल. ‘इक्रिसॅट’चे काम तेथे चालतेच.

तेव्हा आमची मागणी मोजकी आहे. विद्यापीठाने तालुक्यागणिक निवडक गट आणि गिरण्या प्रयोगाच्या भागीदार म्हणून नेमाव्यात. बिघडलेल्या पहिल्या घाण्याची भरपाई सार्वजनिक निधीतून व्हावी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राने आणलेल्या योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपये अनुदान ठरले, पण फसलेल्या प्रयोगाचा धोका वाटून घेणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. ‘शक्ती’ ज्वारी मोंढ्यात वेगळी मोजली जावी, आणि अंगणवाड्यांच्या आहारासाठी ती प्राधान्याने घेतली जावी.

१९७२ साली सीमेपलीकडून आमच्याकडे मिलो आली, कारण आम्ही भुकेले होतो. आज सीमेपलीकडे पाठविण्याजोगे काही आमच्यापाशी आहे. ते पोत्यातच पडून राहिले, तर दोष दुष्काळाला देता येणार नाही.