चित्रा : निळ्या ताऱ्याचा जमाखर्च



रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. जगदंबादेवीच्या आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला लाखो माणसे येतात. तुम्ही यात्रेत मुक्कामाला राहिलात, किंवा घरीच अंगणात बाज टाकून पडलात, तर रात्री नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेकडे, थोडे दक्षिणेच्या अंगाला पाहा. क्षितिजापासून दोनेक कासरे वर एक निळसर पांढरा, ठसठशीत तारा दिसेल. ती चित्रा.

ओळख पटत नसेल तर सप्तर्षी शोधा. त्यांच्या शेपटाच्या तीन ताऱ्यांची कमान तशीच पुढे वळवत न्या. आधी नारिंगी स्वाती लागते आणि त्याच वळणावर पुढे चित्रा. चैत्राचे नाव हिच्यावरूनच पडले, कारण चैत्री पौर्णिमेचा चंद्र हिच्या आसपास असतो.

चित्रा म्हटले की तुम्हाला सोयाबीनच्या सुडीवर पडणारा पाऊस आठवत असेल. ते चित्रा नक्षत्र साधारण १० ते २३ ऑक्टोबरचे. त्या दिवसांत सूर्य या ताऱ्याच्या दिशेला असतो, म्हणून तारा सूर्याच्या उजेडात लपतो आणि दिसत नाही. पावसाशी त्याचे देणेघेणे नाही. नक्षत्र हा सूर्याच्या वाटेवरचा मैलाचा दगड आहे, पाऊस पाडणारा ढग नव्हे. पण या ताऱ्याचा स्वतःचा जमाखर्च मात्र कास्तकाराने समजून घ्यावा असा आहे.

आधी रंग पाहू. लोहाराच्या भट्टीत फाळ तापू लागला की प्रथम लालभडक होतो. भाता मारत राहिले की नारिंगी, मग पिवळा होतो. रंगावरून लोहार ताव ओळखतो. ताऱ्यांचेही तसेच आहे. नारिंगी स्वातीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे चार हजार अंश सेल्सिअस, आपल्या सूर्याचे साडेपाच हजार, तर निळ्या चित्रेचे पंचवीस हजार. इतक्या तावाला कोणतेही लोखंड टिकणार नाही, त्याची वाफ होऊन जाईल. म्हणून तो निळा ताव आपल्याला भट्टीत कधी दिसत नाही.

इथे बसून हे कसे कळले, असे तुम्ही विचाराल. ताऱ्याचा उजेड काचेच्या लोलकातून फाकवला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. कोणत्या रेघा उमटल्या म्हणजे ताऱ्याला किती ताव आहे, याचे गणित १९२० साली मेघनाद साहा यांनी मांडले आणि ते जगभर वापरले गेले. पुढे १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षही तेच होते. त्या समितीने राशिचक्राच्या मोजणीसाठी आधार धरला तो चित्रेचाच.

आता उत्पन्न काढू. पीक कापणी प्रयोगात आपण लहानशा तुकड्याचा उतारा मोजतो आणि क्षेत्राने गुणतो. ताऱ्याचा उजेडही असाच काढतात. तापमान दुप्पट झाले की तेवढ्याच तुकड्यातून सोळापट ऊर्जा बाहेर पडते, असा निसर्गाचा नियम आहे. चित्रेचे तापमान सूर्याच्या जवळजवळ साडेचारपट, म्हणून तिचा ‘एकरी उतारा’ सुमारे ३७० पट. तिची रुंदी सूर्याच्या साडेसातपट, म्हणजे ‘क्षेत्र’ ५६ पट. गुणाकार करा : वीस हजारांच्या वर. सूर्यासारखे वीस हजार दिवे एका जागी लावावेत, एवढा हा उजेड.

आणि ती एकटी नाही. चित्रा ही ताऱ्यांची जोडी आहे. धाकट्याचे वजन सात सूर्यांएवढे, तापमान वीस हजार अंशांच्या घरात. दोघे चार दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. ते इतके जवळ आहेत की एकमेकांच्या ओढीने अंड्यासारखे लांबट झाले आहेत.

उत्पन्न पाहिले, आता भांडवल पाहा. थोरल्याचे वजन सूर्याच्या सुमारे अकरापट. म्हणजे इंधन अकरापट आणि खर्च वीस हजारपट! असे का? वजन जास्त म्हणून गाभ्यातला ताव जास्त, आणि ताव वाढला की हायड्रोजनचे हेलियम होण्याचा वेग झपाट्याने वाढतो.

गाभ्यातला हायड्रोजन पुरतो तोवरचा काळ म्हणजे ताऱ्याची भर उमेद. शास्त्रज्ञ त्याला मुख्य क्रम म्हणतात. सूर्याची उमेद सुमारे एक हजार कोटी वर्षांची, त्यातली ४६० कोटी सरली. चित्रेच्या थोरल्या ताऱ्याची उमेद दोन कोटी वर्षेही नाही. त्याचे वय एक-दीड कोटीच्या घरात आहे आणि तो आत्ताच उतरणीला लागला आहे. धाकटा अजून उमेदीत आहे.

हा आकडा आपल्या शिवारात आणून पाहा. विहीर खोदताना लागणारा काळा पाषाण आणि त्यावरचा मुरूम हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तुमच्या धुऱ्यावरचा दगड आकाशातल्या चित्रेपेक्षा कितीतरी म्हातारा आहे! तो लावा थिजला तेव्हा ही चित्रा नव्हतीच.

थोरला शेवटी प्रचंड स्फोटाने संपेल. चित्रा आपल्यापासून अडीचशे प्रकाशवर्षे दूर आहे, त्यामुळे आपल्याला धोका नाही. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ चा. आज डोळ्यांत शिरणारा तिचा उजेड त्याच अठराव्या शतकात तिथून निघाला आहे.

अशा ताऱ्याभोवती शेती झाली असती का? त्याचा बहुतेक प्रकाश अतिनील, पाने करपवणारा. आणि मुदत एवढी तोकडी की पृथ्वीसारखी जमीन निवून पिकण्याजोगी होईपर्यंत दिवाच विझायचा. ज्वारीचे एक कणीस उभे राहायला कोट्यवधी वर्षे न चुकता, बेताने जळणारा तारा लागतो. तो आपल्याला मिळाला आहे. उन्हाळ्यात त्याला कितीही नावे ठेवली, तरी एवढे लक्षात असू द्या.