दूरध्वनी केंद्राची किल्ली कोणाकडे?

सावित्रीच्या काठी सव येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथे एखाद्याने आठ-दहा खोल्यांचे निवासगृह काढले, किंवा जवळच महाडच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना चालविला, तर बाहेरून आलेला फोन योग्य टेबलावर पोहोचविणारे छोटे दूरध्वनी केंद्र त्यास लागतेच. ते बहुधा शहरातील विक्रेता बसवितो आणि परवलीचा शब्द आपल्याजवळच ठेवतो. पुढे एक अंतर्गत क्रमांक बदलावयाचा तरी त्याचीच वाट पाहावयाची!

ही परवशता अटळ नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या तरुणास आपल्या छोट्या धंद्यासाठी असे केंद्र विकत घेणे परवडेना. तेव्हा १९९९ साली त्याने साध्या संगणकावर चालणारी आज्ञावली स्वतःच लिहिली व सर्वांस खुली केली. तीच 'ॲस्टरिस्क'. तिला परवान्याचे शुल्क नाही, आणि तिची अंतर्गत रचना कोणासही वाचता व बदलता येते.

२०२१ च्या जुलैत महाड पुराखाली गेले, तळियेवर दरड कोसळली, तेव्हा मोबाइलचा संपर्कही तुटला होता. अशा वेळी ॲस्टरिस्कही काही वाचवीत नाही. बाहेरची तार तुटली की बाहेरचा फोन बंदच. फरक पडतो तो चिखल उपसल्यावर. कोणता फोन कोठे वाजावा, कोणी उचलला नाही तर पुढे कोठे जावा, हे सारे तिच्यात साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असते. त्यांची प्रत उंचावरच्या एखाद्या घरी ठेवलेली असेल, तर जुन्या संगणकावरही तेच केंद्र पुन्हा उभे करता येते.

मात्र 'फुकट' या शब्दाने हुरळून जाणाऱ्यांची येथे फसगत होते. केंद्र इंटरनेटवर उघडे टाकले व परवलीचा शब्द '१२३४' ठेवला, तर कोणी परका रातोरात परदेशी फोन करून मोकळा होतो. बिल मालकाच्या माथी. शिवाय हे सांभाळणारा माणूस गावात नसेल, तर विक्रेत्याच्या जागी मुंबईचा तंत्रज्ञ येतो, एवढेच. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांपुढे एक जुना संगणक व दोन फोन ठेवले, तर हे काम शिकविण्यास आरंभ करता येईल. तोवर व्यावसायिकाने निदान एवढे करावे: नवे केंद्र घेताना परवलीचा शब्द व फायलींची प्रत हाती पडल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये.