नाट्यवर्गाचें पुस्तक कसें निवडावें?

जून महिना आला कीं घरोघरीं पुस्तकांची यादी, वह्यांचीं वेष्टणें आणि दप्तरांची खरेदी यांची गडबड उडते. या गडबडींतच आमच्या एका वाचक भगिनीनें आम्हांस प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या कन्येच्या शाळेनें यंदा नववीस नाट्य हा विषय सुरू केला असून पुस्तकनिवडीच्या समितीवर त्यांची नेमणूक झाली आहे. समितीपुढें तीन पुस्तकें आहेत. घरांत मामंजी म्हणतात, नाटकाला पुस्तक कशाला हवें? जाऊबाई म्हणतात, पुस्तक नसेल तर तो विषय कसला? "आतां आपणच काय तें सांगा," असें त्या लिहितात.

प्रश्न वरवर लहान दिसतो, परंतु तो तसा नाहीं. कला ही अभ्यासाबाहेरची करमणूक न मानतां तिला अभ्यासांतच स्थान द्यावें, असें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें म्हटलें. आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०२४ सालीं सहावीसाठीं काढलेल्या 'कृती' या पुस्तकांत चित्र, संगीत व नृत्य यांच्या जोडीस नाट्यही आलें. तेव्हां आज ना उद्यां हा प्रश्न पुष्कळ घरांपुढें उभा राहणार. म्हणून आमचा अनुभव, त्यांतील चुकीसह, येथें मांडतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका माध्यमिक शाळेनें अशाच निवडीसाठीं आम्हांस बोलाविलें होतें. मेजावरील पुस्तकांत एक चांगलें जाड, गुळगुळीत कागदाचें व रंगीत चित्रांचें होतें. रंगभूमीचा इतिहास, रसांचीं नांवें, रंगमंचाचे भाग आणि प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस प्रश्न, असें सर्व कांहीं त्यांत व्यवस्थित होतें. आम्हीं दहा मिनिटांत तें पसंत केलें आणि मोठें काम उरकल्याच्या समाधानानें घरीं परतलों. वर्षअखेर वर्ग पाहावयास गेलों, तेव्हां चाळीस मुलामुलींनीं आठही रस बिनचूक सांगितले. मग आम्हीं पुढच्या बाकावरील एका मुलीस म्हटलें, "बाळ, तुझी आई नदीच्या पलीकडल्या काठावर आहे असें समज, आणि तिला हाक मार." मुलगी उभी राहिली, ओठ हलले, पण आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोंचला नाहीं. या विषयांत तिचा पहिला क्रमांक आला होता, हें आम्हांस मागाहून कळलें. ती मान खालीं घालून बसली. वस्तुतः मान खालीं घालावयास हवी होती ती आम्हीं.

तेव्हांपासून पुस्तक हातीं आलें कीं आम्ही भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांतील अभिनयाचे चार प्रकार आठवतों: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेष आणि मन, या चारींस पुस्तक काय काम देतें, एवढेंच पाहावें.

प्रथम आंगिक. पुस्तकाचीं मधलीं कोणतींही दहा पानें उघडावीं आणि बाकावरून उठल्यावांचून करतां येणार नाहीं असें कृत्य किती पानांवर आहे, तें मोजावें. पांचांहून कमी भरल्यास तें पुस्तक ग्रंथालयांत ठेवावें, वर्गांत नको. या बाबतींत अमेरिकेंतील व्हायोला स्पोलिन या बाईंचें काम आदर्श म्हणावें लागेल. शिकागोंत स्थलांतरित कुटुंबांतील मुलांबरोबर काम करतांना त्यांनीं नाट्यखेळांची पद्धत बसविली. १९६३ सालीं तिचें मोठें पुस्तक निघालें आणि १९८६ सालीं खास शिक्षकांसाठीं 'थिएटर गेम्स फॉर द क्लासरूम' हें दुसरें. हातांत दोरी नसतांना रस्सीखेंच खेळावयाची, किंवा समोरासमोर उभें राहून एकानें दुसऱ्याचा आरसा व्हावयाचें, असे ते खेळ आहेत. त्यांस खर्च शून्य, आणि लाजाळू मूलही खेळाच्या भरांत आपली लाज विसरतें. शिक्षकांपाशीं याची एक प्रत असावी. मात्र त्यांतील उदाहरणें जशींच्या तशीं न घेतां आपल्या बाजारांतलीं, आपल्या वाड्यांतलीं घालावीं.

दुसरें वाचिक. येथें परीक्षा कानांनीं करावी. पुस्तकांतील संवाद घरांत मोठ्यानें वाचून पाहावा. जेथें मोठ्यांची जीभ अडखळते, तेथें मुलांचीही अडखळणार. नववीच्या वयाची अडचण अशी कीं, सुधा करमरकर यांनीं १९५९ सालीं सुरू केलेल्या 'लिटल थिएटर'पासून जी बालरंगभूमी आपल्याकडे बहरली, तिच्यांतील राजे व चेटकिणी या मुलांस पोरकट वाटूं लागतात. आणि प्रौढांचीं नाटकें अद्याप पेलत नाहींत. अशा वेळीं देवलांच्या 'शारदे'कडे वळावें. नाटक १८९९ चें. परंतु पैशाच्या लोभानें एका मुलीचें लग्न म्हाताऱ्याशीं ठरविलें जातें, ही गोष्ट तिच्याच वयाच्या मुलामुलींस समजावून सांगावी लागत नाहीं. शिवाय त्यांतून चर्चाही निघते. १९२९ चा 'सारडा कायदा' या नाटकावरून ओळखला गेला असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तें नांव हरविलास सारडा यांचें आहे. त्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ ठरविलें होतें, आज तें १८ आहे, एवढें सांगितलें कीं वर्गांत वाद सुरू होतो. आणि वाद घालतांना मुलांचा आवाज आपोआप चढतो.

तिसरें आहार्य, म्हणजे वेष व साहित्य. ज्या पुस्तकास पडदे, दिवे आणि भाड्याचे पोशाख लागतात, तें बहुतेक शाळांत कपाटांतच राहतें. चार खुर्च्या, एक काठी, एक टोपली आणि दोन-तीन लांब वस्त्रें एवढ्यांत वर्षाचें काम निभतें. माळ्यावरील ट्रंकेंत आजीबाईंचें जुनें लुगडें आणि आजोबांचें उपरणें पडून असेल, तें शाळेस द्यावें. एकच उपरणें कधीं नदी होतें, कधीं तान्हें मूल. मुलांची कल्पना चालते ती अशाच अपुऱ्या साहित्यावर.

चौथें सात्त्विक, आणि येथें फार जपावयास हवें. स्तानिस्लाव्हस्की यांचा 'अॅन अॅक्टर प्रिपेअर्स' हा १९३६ सालीं इंग्रजींत आलेला ग्रंथ थोर खरा, के. नारायण काळे यांनीं तो 'अभिनय साधना' या नांवानें मराठींत आणला. परंतु तो प्रौढ नटांच्या शिक्षणासाठीं आहे. आपलें जुनें दुःख आठवून तें भूमिकेंत आणावें, हा त्यांतील पाठ चौदा वर्षांच्या मुलापुढें ठेवूं नये. ज्याच्या घरीं नुकताच मृत्यू झाला आहे, त्याला वर्गांत रडावयास लावणें ही कला नव्हे. हा ग्रंथ शिक्षकांनीं वाचावा. मुलांस 'तूं त्या जागीं असतास तर काय केलें असतेंस?' एवढाच प्रश्न पुरे.

या चारींनंतर एक साधा हिशेब उरतो. वर्गांत मुलें चाळीस आणि नाटकांत पात्रें सहा. मग उरलेल्या चौतिसांनीं काय करावें? झाडें व्हावें? दोन पात्रांचा प्रवेश घेतला तर चाळिसांच्या वीस जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीस दोन मिनिटें दिलीं तर चाळीस मिनिटांच्या तासांत प्रत्येक मूल बोलतें. ज्या पुस्तकांत असे लहान प्रवेश अधिक, तें अधिक उपयोगी. आणि वार्षिक परीक्षेंत व्याख्या न विचारतां जूनचा प्रवेश व फेब्रुवारीचा प्रवेश यांत काय फरक पडला, तें पाहावें.

शेवटीं एक कायद्याची गोष्ट. १९५७ च्या कायद्यान्वयें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याच्या ग्रंथावरील हक्क टिकतो. देवल १९१६ सालीं, गडकरी १९१९ सालीं व खाडिलकर १९४८ सालीं वारले. म्हणून त्यांचीं नाटकें आतां सर्वांस मोकळीं आहेत. अलीकडच्या नाटकाचा प्रयोग शिक्षक-विद्यार्थ्यांनीं केवळ शाळेंतील मंडळी व पालक यांच्यापुढें केल्यास कायदा आड येत नाहीं. बाहेरच्या लोकांस बोलाविलें कीं ती सवलत संपते. आणि असा प्रवेश पुस्तिकेंत छापावयाचा असल्यास आधीं परवानगी मागणें, हाच सरळ मार्ग.

असो. त्या शाळेनें पुढल्या वर्षीं जाड पुस्तक ग्रंथालयांत ठेवलें आणि दोन शिक्षकांनीं जुन्या नाटकांतील प्रवेश व वीस-पंचवीस खेळ यांची एक पातळशी पुस्तिका स्वतः तयार केली. दिसण्यांत ती अगदींच गरीब होती. वर्षअखेर आम्ही पुन्हां गेलों. तीच मुलगी समोर होती. आम्हीं कांहीं विचारण्याआधींच ती हसून उठली आणि तिनें नदीपलीकडच्या आईला अशी हाक मारली कीं, बाहेरचा शिपाई दार उघडून कोण हाक मारतें तें पाहावयास आला.

तेव्हां भगिनी, मामंजींचें म्हणणें अर्धें खरें आहे आणि जाऊबाईंचेंही अर्धें. पुस्तक हवें, पण मुलांस बाकावरून उठविणारें हवें. तीं तिन्ही पुस्तकें घरीं आणा, रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांसमक्ष कन्येकडून मोठ्यानें वाचवून घ्या. जें वाचतांना ती आपसुक उभी राहील, त्यालाच आपलें मत द्या.